बालवाडीसमोरचं घर

४ मार्च, सोमवार

डॉक्टर म्हणाले, राग आला की कागदावर काढत जा, रक्तदाब उतरेल. म्हटलं, डॉक्टर, मग कागदाचा कारखानाच विकत घ्यावा लागेल. ते हसले नाहीत. गोळी मात्र वाढवली.

तर आजचा राग: साहेब. आमच्या सरकारी वकिलांच्या ऑफिसातले सगळ्यात मोठे साहेब. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, स्वतःहून चहा मागवला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. नवी योजना निघाली आहे म्हणे. सरकारी वकिलाने कोर्टात बसून गुन्ह्याची वाट बघायची नाही. गुन्हे होतात त्या वस्तीतच ऑफिस थाटायचं आणि रहिवाशांच्या मदतीने गुन्हा मुळापासून उपटायचा. "तुमच्यासारखी अनुभवी बाईच हवी तिथे," साहेब म्हणाले. वीस वर्षं मी खुनाच्या केसेस लढले, त्याचं हे बक्षीस. मागच्या मीटिंगमध्ये त्यांचे आकडे चुकल्याचं मी सगळ्यांसमोर दाखवून दिलं होतं, त्याचा याच्याशी अर्थातच काडीचाही संबंध नाही.

घरी सांगितलं तर नवरा म्हणतो, "बरं झालं, तेवढंच चालणं होईल तुझं." नवऱ्यासाठी वेगळी वही करावी लागणार.

६ मार्च, बुधवार

ऑफिस बघितलं. बंद पडलेलं केशकर्तनालय आहे. भिंतीला तीन मोठे आरसे. ते काढले तर भिंतही येईल म्हणून तसेच ठेवलेत. फिरती खुर्चीही तशीच. मान वर केली की मी स्वतःलाच तीनदा दिसते, आणि तिन्ही ठिकाणी चेहरा तोच, कडू औषध घेतल्यासारखा. दिवसभरात एकच गृहस्थ आले. खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "मागून बारीक, पुढून राहू द्या."

संध्याकाळी मात्र एक बाई आल्या. साठीला टेकलेल्या, किरकोळ अंगाच्या, केस घट्ट बांधलेले, बोटांना रंगीत खडू लागलेला. गल्लीतली बालवाडी त्या चालवतात. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. निम्मी वस्ती त्यांच्या हाताखालून गेली आहे. मी योजनेची माहिती द्यायला लागले, तर म्हणाल्या, "ते नंतर. आधी चपला घाला आणि माझ्याबरोबर चला."

माझ्याशी असं कुणी बोलत नाही. मी गेले.

बालवाडीच्या बरोबर समोर एक दुमजली घर आहे. मालक दुसरीकडे राहतो, भाडं घेतो आणि कानांवर हात ठेवतो. दुपारी एक गाडी येते, माल उतरतो. मग वरच्या खिडकीतून दोरीला बांधलेली बादली खाली सोडतात. बादलीत पैसे टाकले की ती वर जाते आणि नशेची पुडी घेऊन खाली येते. गिऱ्हाईक थांबतं कुठे, तर बालवाडीच्या पायऱ्यांवर. पोलिसांनी दोन-तीनदा पोरं उचलली. जामीन झाला, पोरं परत हजर. बालवाडीत पूर्वी मुलं मावत नसत, आता नऊ उरली आहेत. जूनच्या प्रवेशाला वीस भरली नाहीत तर बालवाडी बंद, असं खात्याने कळवलं आहे.

"बंद झाली तर तुम्ही काय करणार?" मी विचारलं.

"मी काय करणार? मरेपर्यंत जगेन," बाई म्हणाल्या. "पण मग या गल्लीत तेवढं ते घर उरेल."

मला पुन्हा राग आला. या वेळी साहेबांचा नव्हता.

१४ मार्च, गुरुवार

कायदा सरळ आहे. त्या घराचा वस्तीला उपद्रव होतो हे सिद्ध झालं की कोर्ट ते सील करू शकतं. पोरं पकडण्यात अर्थ नाही, जागाच गेली पाहिजे. फक्त दाखवावं लागेल की हा धंदा कायमचा चाललाय, चार दिवसांचा नाही. आणि ते सांगायला इथला माणूस उभा राहायला हवा.

मला एक पक्का साक्षीदार पुरतो. तो मिळालाही. त्या घराला लागून शिंपीकाकांचं दुकान आहे. गळ्यात टेप, बोलायला गोड, वर्षानुवर्षं त्याच काचेमागे मशीनवर बसलेले. त्यांनी सगळं पाहिलं आहे. निवांत बसून जबाब घेतला, सही झाली. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "एकट्यांनाच?" एवढंच म्हणाल्या.

मी म्हटलं, "बाई, कोर्टात डोकी मोजत नाहीत."

या धंद्यात मी काही कालची पोर नाही.

१९ मार्च, मंगळवार

शिंपीकाकांच्या दुकानाची काच फोडली. शिवायला आलेल्या कपड्यांवर काळं तेल ओतलं. आज ते माझ्यासमोर बसून म्हणाले, "मॅडम, मी काही पाहिलं नाही. माझी नजर अधू आहे."

सुईत दोरा ओवणारा माणूस! मी म्हटलं, "काका, तुमच्यासारख्यांमुळेच यांचं फावतं." जाताना त्यांनी दार हळू लावून घेतलं.

पळपुटा माणूस. पाच दिवसांची मेहनत पाण्यात.

२२ मार्च, शुक्रवार

आज खुद्द चष्मेवाला आला. त्या घरातला कारभार ज्याच्या हातात आहे त्याला गल्लीत याच नावाने ओळखतात. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बँकेत कारकून शोभेल असा. फिरत्या खुर्चीत बसला, आरशात बघून भांग सारखा केला, माझ्या योजनेची चौकशी केली. निघताना म्हणाला, "मॅडम, संध्याकाळी स्टॉपपर्यंत एकट्याच चालत जाता ना? त्या बाजूला दिवे कमी आहेत."

असल्या धमक्या मी न्याहारीला खाते. म्हटलं, "हो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

नंतर बाईंना ही गंमत सांगितली. त्या अजिबात हसल्या नाहीत. मुलांत राहूनही बाईंना विनोदाचं अंग कमीच.

२७ मार्च, बुधवार

बाईंनी मला फैलावर घेतलं. मला! जिच्या उलटतपासणीत मोठमोठ्या माणसांची बोबडी वळते तिला.

"आमची मुलं बागेत न्यायची असली की मी एक लांब दोरी घेते," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाने ती धरायची. एकट्याने रस्ता ओलांडायचा नाही. तुम्ही शिंप्याला एकट्याला भर रस्त्यात सोडलंत, आणि वर त्यालाच ओरडलात."

मी वहीत 'दोरी' एवढंच लिहून घेतलं.

संध्याकाळी बालवाडीत गल्लीची सभा घेतली. मोठाली माणसं वीतभर खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसली होती. शेजारच्या घराच्या गॅलरीत दिवसभर बसून असणारे आजोबा आज कित्येक महिन्यांनी जिना उतरून आले. दूध पोचवणारी ताई आली, टॅक्सीवाला आला. शिंपीकाका मागे भिंतीला टेकून उभे होते. माझी नजर गेली की ते छताकडे बघायचे. मी सगळ्यांना समजावलं की एक साक्षीदार फोडता येतो, अख्खी गल्ली फोडता येत नाही. हा मुद्दा लोकांना फार पटला. मी मांडलाही चांगला.

टॅक्सीवाल्याने विचारलं, "पण मॅडम, कोर्टात आमचं चुकलं तर?"

"चुकायचं नाही," मी म्हटलं. "सगळ्यांचं एकमेकांशी जुळलं पाहिजे. एकाचं एक, दुसऱ्याचं भलतंच, असं झालं तर समोरचा वकील तुमच्या चिंध्या करेल."

बाई मान डोलावत होत्या. माझं बोलणं त्यांना पहिल्यांदाच पटलेलं दिसलं.

२ एप्रिल, मंगळवार

या वस्तीत माणसाला एकांत म्हणून नाही. ऑफिस बंद केलं की कुणीतरी हजरच. काल टॅक्सीवाल्याला नेमकं स्टॉपकडे काम निघालं. गाडी होती, तरी चालत आला. म्हणे पाय मोकळे करतो. शुक्रवारी दूधवाल्या ताईला तिकडेच कुणाकडे तरी जायचं होतं. आज शिंपीकाका! बटणं आणायला. स्टॉपजवळ बटणांचं दुकान मी तरी पाहिलेलं नाही. बस आली तसे उलट्या पावली परत गेले. साक्ष द्यायला पाय लटपटतात आणि बटणांसाठी एवढी तंगडतोड.

नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "चांगली माणसं आहेत." याला माझं ऐकून काही वेगळंच कळतं.

११ एप्रिल, गुरुवार

आज मी स्वतःवर खूश आहे! नऊ जणांचे जबाब हातात आहेत, आणि काय जबाब! कुठे फट म्हणून नाही. पांढरी गाडी, दुपारी चार वाजता, निळी बादली. पहिल्याने सांगितलं तेच नवव्याने. वाक्यंसुद्धा तीच. वीस वर्षांत इतके जुळलेले साक्षीदार मी पाहिले नव्हते. साहेबांना फोन करून मुद्दाम वाचून दाखवले. ते म्हणाले, "फारच छान जुळतायत." त्यांच्या आवाजात मत्सर होता.

केस कोर्टात दाखल केली. सुनावणी ८ मेला.

१८ एप्रिल, गुरुवार

आज अक्षर वाईट येईल, पेन दाबून दाबून लिहितेय.

दुपारी एका कागदावर बाईंची सही हवी होती म्हणून बालवाडीत गेले. मुलं घरी गेलेली, तरी आतून आवाज येत होता. बाजूच्या खिडकीतून पाहिलं. माझे साक्षीदार त्या वीतभर खुर्च्यांवर ओळीने बसले होते आणि बाई फळ्यापाशी छडी घेऊन उभ्या होत्या.

"पांढरी गाडी कधी येते?"

"दुपारी चारला!" सगळे एकसुरात. वर चार बोटं दाखवून.

"बादलीचा रंग कोणता?"

"निळा, निळा, निळा!"

आजोबा हळूच म्हणाले, "अहो, पण मी तर हिरवी..."

"आजोबा, मध्ये बोलायचं नाही. सगळ्यांचं जुळलं पाहिजे, असं मॅडम म्हणाल्यात."

"पण बाई, मी सकाळची जायची हो तिथून," दूधवाली ताई म्हणाली. "चारला मी घरी झोपलेली असायची."

"चार म्हणायचं. परत सगळे एकदम!"

पढवलेले साक्षीदार! समोरच्या वकिलाला दुसरं काय हवं? एका प्रश्नात तो हे बाहेर काढेल, आणि मग खरं बोलणाराही खोटा ठरेल. केस गेली, घर राहिलं, आणि जूनमध्ये बालवाडीला कुलूप. ते कुलूप बाई स्वतःच्या हाताने घालत होत्या, तेही छडी घेऊन, शिस्तीत.

मी आत जाऊन काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, कागद जळेल. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात, चुकायचं नाही. मला शिकवायची एकच पद्धत येते."

त्यांचा आवाज बारीक झाला होता. छडी त्यांनी फळ्याला टेकवून ठेवली, ती घसरून पडली, आणि ती उचलायला कुणीच उठलं नाही. मी तशीच निघून आले. आज स्टॉपकडे आजोबांना काम होतं. काठी टेकत टेकत! मी त्यांच्याशी बोललेसुद्धा नाही.

२२ एप्रिल, सोमवार

साहेबांना सगळं सांगितलं. म्हणाले, केस मागे घ्या. किंवा निदान त्या बालवाडीवाल्या बाईला साक्षीदारांतून वगळा आणि पाठांतराचं कुठे बोलू नका.

दोन दिवस झोप नव्हती, त्यामुळे असेल, पण मी शांतपणे म्हटलं, "साहेब, जबाब मी सगळे नव्याने घेणार. जुनेही फाईलला राहतील, समोरच्या वकिलालाही देणार. आणि बाई माझ्या पहिल्या साक्षीदार."

"तुम्हाला वेड लागलंय."

"लागलं असेल. वस्तीत तुम्हीच पाठवलंत."

बाहेर आल्यावर मात्र भीती वाटली. खरोखरची. माझी केस पडली तर माझं काय, पुढची केस. बाईंना पुढची बालवाडी नाही.

२९ एप्रिल, सोमवार

आठवडाभर पायपीट केली. या वेळी कुणालाच ऑफिसात बोलावलं नाही. ज्याच्या त्याच्या जागी जाऊन उभी राहिले: आजोबांच्या गॅलरीत, ताईच्या सायकलपाशी, टॅक्सीच्या बॉनेटला टेकून. आणि 'काय पाहिलंत' असं न विचारता विचारलं, "तुम्ही तेव्हा काय करत होतात?"

आधी तर ते पाठांतर निघता निघेना. टॅक्सीवाला प्रत्येक वाक्याला चार बोटं वर करायचा. मी ती हाताने खाली करायची. पण माणूस आपल्या कामाचं बोलायला लागला की सुटतो. आणि मग जे बाहेर आलं ते ऐकून आधी मी डोकंच धरून बसले. एकाचं दुसऱ्याशी जुळेना! ताई म्हणते, ती या गल्लीत दूध घालायची तेव्हा सकाळी सातला दोन गिऱ्हाइकं असायचीच, आणि बादली निळी. टॅक्सीवाला वर्षभरापूर्वी इथे राहायला आला. तो म्हणतो निळी त्याने कधी पाहिलीच नाही, हिरवी. गाडी कुणाची पांढरी, कुणाची राखाडी.

काल सगळे जबाब समोर पसरून बसले होते. तिन्ही आरशांत माझाच रडवेला चेहरा. आणि एकदम लक्षात आलं. हे भांडत नाहीयेत! ताईने निळी पाहिली ती जुन्या दिवसांत, टॅक्सीवाल्याने हिरवी पाहिली ती नंतरच्या. मध्ये बादली बदलली. चार दिवसांच्या धंद्यात कुणी बादली बदलतं का? एक बादली झिजून मोडेपर्यंत तो धंदा चालला, आणि मग दुसरी आणली. मला जे सिद्ध करायचं होतं ते बाईंनी 'निळी, निळी, निळी' करून पुसून टाकलं होतं, आणि मीही ते पुसलेलं छान जुळतंय म्हणून मिरवत होते.

मी खुर्चीतून उठून एकटीच टाळ्या वाजवल्या. आरशात तिघींनी वाजवल्या.

तेवढ्यात शिंपीकाका दारात. "मॅडम, मी पण सांगतो. माझ्याकडे दोन्ही बादल्या आहेत. म्हणजे, दोन्ही पाहिल्यात."

"नजर सुधारली वाटतं?"

"काच नवी बसली," ते म्हणाले. "गल्लीने बसवून दिली. आता त्याच काचेमागे बसून खोटं बोलायचं म्हणजे जरा जड जातं."

मी त्यांना बसायला सांगितलं. चहाही पाजला.

८ मे, बुधवार

आधी गोळी घेतली, मग लिहायला बसले. सगळं नीट लिहायचं आहे.

समोर वकील म्हणून माझा जुना वर्गमित्र. हुशार, गोड बोलून गळा कापणारा. जुने आणि नवे दोन्ही जबाब मी त्याला दिले होते. सकाळपासून तो दूध प्यायलेल्या मांजरासारखा दिसत होता. त्याच्यामागे चष्मेवाला, घराचा मालक, आणि मागच्या बाकावर त्यांची माणसं. आमच्या बाजूला अख्खी गल्ली. शिपायाने जास्तीच्या खुर्च्या आणून आणून तोंड वाकडं केलं.

बाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. वर्गमित्राने उलटतपासणीसाठी राखून ठेवलेला प्रश्न मीच पहिला विचारला.

"बाई, या साक्षीदारांना एकत्र बसवून तुम्ही त्यांच्याकडून जबाब पाठ करून घेतलेत का?"

"हो," बाई म्हणाल्या.

वर्गमित्राचं पेन हवेतच थांबलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं, आधी बाईंकडे, मग माझ्याकडे. साहेब मागे येऊन बसले होते. त्यांनी डोळे मिटलेले मला न बघताही कळलं.

मग वर्गमित्र उठला. "म्हणजे आज इथे येणारे सगळे साक्षीदार तुम्ही पढवलेले?"

"पढवायला गेले होते," बाई म्हणाल्या. "चार वर्षांच्या मुलाकडून मी आठवड्यात कविता पाठ करून घेते, साहेब. या मोठ्या माणसांना रोज बसवलं, एकालाही धड आलं नाही. प्रत्येकजण मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, 'पण बाई, मी तर असं पाहिलं.' मी त्यांना गप्प करायचे. मला वाटायचं हे चुकतायत. चुकत मी होते. जे पाहिलंय ते त्यांच्या तोंडून काही केल्या जाईना, त्याला मी काय करू?"

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी कागद तोंडासमोर धरला, आणि तो जरा जास्तच वेळ धरला.

"बरं, मग बादली निळी की हिरवी?"

"मी निळी पाहिली."

"हिरवी पाहिली नाहीत? तुमच्या दारासमोर असून?"

"हिरवी आली तोवर मी पुढच्या खिडक्यांना कागद चिकटवले होते. मुलं बादलीचा खेळ खेळायला लागली होती. एकजण खिडकी व्हायचा, एकजण गिऱ्हाईक."

या वेळी कुणी हसलं नाही. वर्गमित्र खाली बसला.

त्यानंतर एकेक आला आणि आपापलं बोलला. ताईची सकाळ, टॅक्सीवाल्याची दुपार. टॅक्सीवाल्याची चार बोटं एकदा वर जाऊ लागली होती, त्याने स्वतःच ती खिशात घातली. शिंपीकाकांना वर्गमित्राने विचारलं, "हिरवीच होती कशावरून? शेवाळी असेल, पोपटी असेल." काका म्हणाले, "साहेब, रंगावरून माझ्याशी वाद घालू नका. तुमच्या कोटाला काळा दोरा हवा होता, कुणीतरी निळा वापरलाय." वर्गमित्राने बाही पाहिली. सगळ्या कोर्टाने त्याची बाही पाहिली.

शेवटी तो म्हणाला की घर रिकामं पडलं होतं, चार टवाळ पोरांनी चार दिवस काहीतरी केलं असेल. तेव्हा न्यायाधीशांनी आजोबांना स्वतः विचारलं, "निळी बादली कधी मोडली ते आठवतं?"

"न आठवायला काय झालं? तिचा कान तुटला आणि ती खालच्या पोराच्या टाळक्यात पडली. मी खो खो हसलो. घरात सून बाळंतपणाला अडलेली, सगळे काळजीत, आणि हा म्हातारा हसतोय म्हणून आमची म्हातारी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. तो नातू आता धावतोय."

मी उठले आणि फक्त एवढंच म्हटलं, "नातू धावायला लागेपर्यंत चाललेला हा चार दिवसांचा धंदा आहे."

बाहेर आल्यावर साहेब जवळ आले. मला वाटलं आता काहीतरी टोमणा मारणार. ते म्हणाले, "त्या बाई पुढच्या प्रशिक्षणाला मिळतील का?" म्हटलं, विचारून बघा, पण त्या छडी घेऊन येतील.

२० मे, सोमवार

जिंकलो! घर सील. मालकाला दंड, वर्षभर भाड्याने द्यायला बंदी. निकालात न्यायाधीशांनी लिहिलंय की साक्षीदारांच्या सांगण्यात बारीकसारीक फरक आहेत, आणि आपला त्यांच्यावर विश्वास बसला तो त्या फरकांमुळेच. ते वाक्य मी तीनदा वाचलं, चौथ्यांदा नवऱ्याकडून वाचून घेतलं.

सील करताना आत माल सापडला. चष्मेवाला आत गेला आणि या वेळी जामीन नाही.

बाईंनी निकाल ऐकला, 'बरं' म्हणाल्या आणि खिडक्यांचे कागद खरवडायला घेतले. मी मदतीला गेले, तर म्हणाल्या, "नखाने नाही, ओल्या फडक्याने." मग फडकं माझ्या हातात दिलं आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. मी काच पुसत राहिले; माझंही काही वेगळं चाललं नव्हतं.

२७ मे, सोमवार

आज स्टॉपपर्यंत एकटी गेले. कुणालाच तिकडे काम नव्हतं. इतके दिवस गर्दीला वैतागले होते, पण जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. नवऱ्याला म्हटलं, केस संपली आणि लोकांचं प्रेम आटलं बघ. तो हसत सुटला, ते काही थांबेना. रक्तदाब मात्र आज चांगला निघाला.

१० जून, सोमवार

बालवाडीचे प्रवेश. सकाळी लवकर गेले, म्हटलं बाईंना धीर द्यावा. धीर मलाच हवा होता हे रांग पाहिल्यावर कळलं. रांग पायऱ्यांवरून उतरून शिंपीकाकांच्या दुकानापुढे वळली होती. बाई दारात टेबल टाकून बसल्या होत्या. वीस तर चहाच्या वेळेआधीच भरली. विसावं नाव लिहून झालं तेव्हा गॅलरीतून आजोबांनी ओरडून आकडा सांगितला आणि अख्ख्या रांगेने टाळ्या वाजवल्या. कागद काढलेल्या खिडक्या, त्यांतून आत येणारं ऊन, आणि बाईंचा रागीट चेहरा, म्हणजे त्या अगदी आनंदात होत्या.

मग एक तरुण बाई मुलीचा हात धरून पुढे आली होती. मी तिला ओळखलं. कोर्टात ती चष्मेवाल्याच्या मागच्या बाकावर बसली होती. त्याची बायको. लोक नकळत दोन पावलं मागे सरकले. तिची नजर जमिनीवर. मुलगी मात्र मान उंचावून दारातून आतली खेळणी बघत होती.

माझं डोकं भणभणलं. बाईंच्या कानाशी जाऊन म्हटलं, "ही कोण आहे माहीत आहे ना? तुमची वीस भरलीत. सरळ नाही म्हणा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज अजिबात न उतरवता म्हणाल्या, "मॅडम, या मुलीविरुद्ध तुमच्याकडे एक तरी साक्षीदार आहे का?"

सगळी रांग माझ्याकडे बघत होती. वीस वर्षांत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"नाही," मी म्हटलं.

"मग बाजूला व्हा. रांग अडतेय."

मी बाजूला झाले. बाईंनी पुढे वाकून मुलीला नाव विचारलं. तिने ते इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं की वरून आजोबा ओरडले, "शाब्बास!"